दिसतंय गं, वाचता येत नाही : माझ्याच जुन्या प्रोजेक्टचं परीक्षण

गेल्या महिन्यात एका मुलीचा मेसेज आला. बी. ऑप्टोमच्या शेवटच्या वर्षाला आहे, राहते आमच्याच बाजूला, बाभई नाक्याजवळ. "ताई, तुमच्या डिझर्टेशनची पीडीएफ एका सिनियरकडून मिळाली. सर म्हणाले, हेच आपण मोठ्या सॅम्पलवर करू. तुमचा फॉर्म आणि एक्सेल शीट मिळेल का?"

खोटं कशाला सांगू, आधी बरं वाटलं. आपलं काम कुणीतरी वाचलं, आणि तेही मार्कांसाठी नाही, पुढे न्यायला. मग रात्री जेवणं झाल्यावर मीच ती पीडीएफ उघडली. कित्येक वर्षांत उघडली नव्हती. तिसऱ्या पानावर थांबले, सातव्या पानावर कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी तिला कळवलं, "फॉर्म देते. पण आधी मला आठ दिवस दे."

या ब्लॉगवर आपण नेहमी दुसऱ्यांचे पेपर उघडून बघतो. कुठे काय चुकलंय ते सांगताना मला मजा येते, तुम्हालाही येते हे कमेंट्सवरून कळतं. या वेळी पाळी माझी. तुमच्यापैकी बरेच जण यंदा गाइडच्या हाताखाली पहिलं प्रोजेक्ट करणार आहात. त्यांनी हे वाचावं, माझी कीव करायला नाही, यातल्या निदान दोन चुका टाळायला.

प्रोजेक्ट काय होतं

विषय साधा होता. नजर तपासायचा मराठी अक्षरांचा तक्ता आणि इंग्रजी अक्षरांचा तक्ता, दोन्हींवर एकाच माणसाची नजर सारखीच येते का? बोरिवलीत आणि आसपास भरणाऱ्या नेत्रतपासणी शिबिरांत मी डेटा गोळा केला. सोसायटीचा हॉल, मंडळाचा मांडव, शाळेचा वर्ग, जिथे जागा मिळेल तिथे. गाइड सर प्रत्येक शिबिराला हजर असायचे.

परीक्षण करायचं तर चांगलं आधी सांगायला हवं. प्रश्न चांगला होता, आणि तो पुस्तकातून आला नव्हता. इंटर्नशिपमध्ये रोज दिसायचं की इंग्रजी तक्त्यासमोर बसलेली अनेक वयस्क माणसं गप्प होतात. नजर अधू म्हणून गप्प, की अक्षर ओळखीचं नाही म्हणून गप्प, हे तपासणाऱ्याला कळत नाही. तपासणारा घाईत असतो, मागे रांग असते, तो "६/१८" लिहून मोकळा होतो.

हा प्रश्न एकट्या बोरिवलीचा नाही. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांच्या माध्यमांतून चालतात. मुलांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तोच आपल्या लाइनीवरच्या पालघरहून. तपासणीत मुलासमोर कुठला तक्ता धरला जातो, यावर त्याला चष्मा मिळणार की "अभ्यासात लक्ष नाही" हा शिक्का, हे ठरू शकतं. म्हणजे विषय महत्त्वाचा होताच. मी तो कसा हाताळला ते आता बघू.

चूक पहिली : "यावर काम झालेलं नाही"

माझ्या प्रस्तावनेत एक ठसठशीत वाक्य आहे : भारतीय भाषांतील दृष्टीतक्त्यांवर फारसं संशोधन झालेलं नाही. व्हायवाला एक्स्टर्नलनी याच वाक्याबद्दल "रिसर्च गॅप छान मांडली आहे" असं कौतुक केलं होतं.

वाक्य चूक आहे. इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीमध्ये १९९६ साली खमार, व्यास आणि देसाई यांनी हिंदी आणि गुजराती तक्ते मांडले होते. २००९ मध्ये तमिळ लॉगमार तक्ता आला, २०१३ मध्ये गुजराती लॉगमार तक्ता, २०१८ मध्ये एकाच पेपरात सात भारतीय भाषांचे तक्ते. मी राहते बोरिवलीत, जिथे जिन्यात मराठी आणि लिफ्टमध्ये गुजराती ऐकू येतं, आणि मला गुजराती तक्त्याचा पेपर दिसला नाही. कारण मी सर्चमध्ये फक्त "मराठी" टाकत होते. काही सापडलं नाही, म्हणून काम नाही असं लिहून मोकळी झाले.

हे शब्दांपुरतं नुकसान नव्हतं. तमिळ आणि गुजराती तक्ते करणाऱ्यांना जे प्रश्न पडले, तेच मराठीला पडणार होते. अक्षरं कोणती निवडायची, ती एकमेकांइतकीच सोपी-अवघड आहेत हे कसं ठरवायचं, तक्ता कशाशी ताडायचा. ते पेपर वाचले असते तर पुढची चूक झाली नसती. "गॅप" दाखवायची घाई झाली की आपण आधी कुणी बांधलेला पूल बघत नाही, नदीत उडी मारतो.

चूक दुसरी : तक्ता मीच छापला

मराठी तक्ता मी संगणकावर बनवला. नेहमीचा एक फॉन्ट घेतला, अक्षरांची उंची इंग्रजी तक्त्याइतकी केली, एल. टी. रोडवरच्या दुकानात फ्लेक्स छापून घेतला. पद्धतीच्या प्रकरणात याला दीड ओळ दिली आहे.

इंग्रजी तक्त्यामागे काय असतं ते आधी बघा. १८६२ मध्ये उट्रेख्टच्या हर्मन स्नेलन यांनी तक्ता काढला तेव्हा त्यामागे भूमिती होती. ६/६ च्या ओळीतलं अक्षर ६ मीटरवरून डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करतं, म्हणजे उंची साधारण ८.७ मिलिमीटर. अक्षराची रेघ त्या उंचीच्या पाचव्या भागाइतकी, १ मिनिटाची. इंग्रजी ई ची रचना आठवा : तीन आडव्या रेघा, मध्ये दोन मोकळ्या जागा, पाच समान पट्ट्या. नजर म्हणजे ती एका पट्टीची रुंदी ओळखता येणं.

त्या तक्त्यातही खोट होती. वर एकच अक्षर, खाली गर्दी, ओळींमधल्या उड्या असमान. १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियात बेली आणि लव्ही यांनी ती दुरुस्त केली : प्रत्येक ओळीत पाच अक्षरं, अक्षरांमधलं अंतर अक्षराच्या मापात, प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा ठरावीक पटीने लहान. हाच लॉगमार तक्ता. एक ओळ म्हणजे ०.१, एक अक्षर ०.०२. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अक्षरं वाटेल ती घ्यायची नसतात. लुईस स्लोन यांनी निवडलेली दहा अक्षरं आज सर्वत्र वापरतात. त्यांचा गट असा निवडला आहे की एकूण अवघडपणा लँडोल्टच्या खाच असलेल्या कड्याच्या जवळ जातो.

आता आपली लिपी घ्या. "ध" आणि "घ" यांत फरक कशाचा? मुख्यतः शिरोरेषेतल्या तुटीचा. "भ" आणि "म" चंही तसंच. ती तूट अक्षराच्या उंचीच्या पाचव्या भागाइतकी असते का? बहुतेक फॉन्टमध्ये त्याहून लहान असते. म्हणजे ६/६ च्या ओळीत "भ" ओळखायला ६/६ पेक्षा चांगली नजर लागते! "ब" आणि "व" मध्ये पोटातली एक रेघ. उलट "ट" किंवा "ठ" चा आकार एवढा वेगळा की धूसर दिसलं तरी अंदाजाने सांगता येतं. "ग" मध्ये दोन दोन दांडे, एक सुटा. तो शेजारच्या अक्षराचा वाटायला वेळ लागत नाही. आणि मराठी वाचणाऱ्या आजोबांना पाकळीचा "ल" आणि गाठीचा "श" सवयीचे. हिंदी पद्धतीच्या फॉन्टमधले दांड्याचे "ल" आणि "श" वाचताना ते अडखळतात ते वेगळंच.

माझ्या तक्त्यात एका ओळीत "ध, भ, ब" एकत्र होती आणि तिच्या खालच्या, लहान ओळीत "ट, ठ, क". साहजिकच काही माणसं वरची ओळ चुकून खालची बरोबर वाचत होती. मी त्याचं स्पष्टीकरण काय दिलं? "रुग्णांचं लक्ष विचलित झालं असावं." तक्त्याचा दोष मी माणसांच्या माथी मारला.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच पुस्तकात नव्हती पण शिबिरात दर मिनिटाला घडत होती. पंख्याच्या आणि माइकच्या आवाजात समोरचा "भ" म्हणाला की "ब", "ध" म्हणाला की "द", हे मला तरी नीट कुठे ऐकू येत होतं? त्यांच्या डोळ्यांची परीक्षा चालली होती आणि गुण माझे कान देत होते.

चूक तिसरी : आजी

आता सातव्या पानावर येते. तिथे एक्सक्लुजन क्रायटेरिया आहेत. मोतीबिंदूचं नुकतंच ऑपरेशन झालेले, डोळ्यात संसर्ग असलेले, वगैरे. शेवटचा मुद्दा : "दोन्ही तक्त्यांवरील अक्षरं वाचू न शकणाऱ्या व्यक्ती." आणि निकालांच्या प्रकरणात एक ओळ : काही व्यक्ती सहकार्य न केल्यामुळे वगळण्यात आल्या.

त्यातल्या एक आजी मला पक्क्या आठवतात. वझिरा नाक्याच्या बाजूला एका हॉलमध्ये शिबिर होतं. हिरवी सुती नऊवारी, हातात कापडी पिशवी. मी इंग्रजी तक्ता दाखवला. त्या बघत राहिल्या. मी विचारलं, "आजी, दिसत नाही का?" त्या म्हणाल्या, "दिसतंय गं. वाचता येत नाही." मराठी तक्त्यावर त्यांनी वरच्या ओळी सावकाश वाचल्या, शाळा चौथीत सुटली होती, पण वाचल्या. फॉर्मवर इंग्रजीचा रकाना रिकामा राहिला. रकाना रिकामा म्हणजे जोडी नाही, जोडी नाही म्हणजे विश्लेषणात नाही. मी फॉर्मवर "एन. सी." लिहिलं. नॉन-कोऑपरेटिव्ह.

सरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "अगं, ई चा तक्ता दाखव ना." फिरत्या ई ची दांडी कुठल्या बाजूला आहे ते आजींनी हाताने दाखवलं, वर, खाली, डावीकडे. नजर चांगलीच होती. फक्त जवळचा नंबर होता, तो मिळाला, आजी खूश होऊन गेल्या. म्हणजे आजींचं नुकसान झालं नाही. माझ्या अभ्यासाचं झालं.

कारण नीट विचार करा. मराठी तक्ता हवा कुणासाठी? ज्यांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत त्यांच्यासाठी. मी तुलना कुणावर केली? ज्यांना दोन्ही येतात त्यांच्यावर. ज्यांच्यासाठी प्रश्न विचारला होता त्यांनाच दारात थांबवलं, आणि ज्यांना मराठी तक्त्याची गरजच नाही त्यांच्या जोरावर लिहिलं : "मराठी तक्ता इंग्रजी तक्त्याला समर्थ पर्याय आहे." शिवाय ज्या आजींनी इतकं सहकार्य केलं त्यांच्या नावापुढे "असहकार" लिहिलं.

दोन्ही तक्ते एकाच माणसाला वाचता यायला हवेत, ही अडचण खरी आहे. पण वाट होती आणि ती सरांनी माझ्यासमोर दाखवलीही होती. मराठी तक्ता इंग्रजीशी न ताडता फिरत्या ई शी किंवा लँडोल्टच्या कड्याशी ताडायचा. त्याला कुठलीच लिपी लागत नाही. आजी अभ्यासात आल्या असत्या, आणि तो अभ्यास खरोखर आजींचा झाला असता. मी ते शिबिरातलं काम समजले, संशोधन समजले नाही. दोन खाती वेगळी ठेवली.

चूक चौथी : सहसंबंध म्हणजे सारखेपणा नव्हे

दोन तक्त्यांच्या आकड्यांत सहसंबंध घसघशीत आला. आलेखातले ठिपके तिरक्या रेषेत. टी-टेस्टमध्ये "लक्षणीय फरक नाही". निष्कर्ष : दोन्ही तक्ते सारखे.

आता एक गणित करा. समजा एक तक्ता प्रत्येक माणसाला बरोबर दोन ओळी कमी दाखवतो. ज्याची नजर ०.० त्याला ०.२, ज्याची ०.३ त्याला ०.५, सगळ्यांना नेमकं तसंच. सहसंबंध किती? पूर्ण १. ठिपके एका सरळ रेषेत. आणि तरी हा तक्ता ६/६ च्या माणसाला ६/९.५ ठरवतो. सहसंबंध एवढंच सांगतो की दोन आकडे एकत्र वर-खाली होतात. ते एकच आहेत हे तो सांगत नाही. त्यात शिबिरात ६/६ पासून ६/६० पर्यंत सगळी माणसं येतात. पल्ला इतका मोठा असला की सहसंबंध मोठा यायचाच. नजरच मोजणारी दोन साधनं आहेत, त्यांचा संबंध नसेल तर मग कशाचा असेल?

यावर उपाय १९८६ पासून उपलब्ध आहे. ब्लँड आणि आल्टमन यांनी लॅन्सेटमध्ये सांगितला. प्रत्येक माणसाच्या दोन आकड्यांतला फरक काढा, फरकांची सरासरी काढा, आणि तिच्या दोन्ही बाजूंना १.९६ गुणिले प्रमाण विचलन इतकी हद्द आखा. समजा सरासरी फरक ०.०२ आणि विचलन ०.०८ आलं. हद्द होईल साधारण -०.१४ ते +०.१८. म्हणजे सरासरीत एकाच अक्षराचा फरक, पण एखाद्या माणसाबाबत तक्ते नऊ अक्षरांनी, जवळजवळ दोन ओळींनी, वेगळे बोलू शकतात. हे चालेल का? ते गणित सांगणार नाही. ते दवाखान्यात बसणाऱ्याने डेटा घेण्याआधी ठरवायचं आणि लिहून ठेवायचं. "लक्षणीय फरक नाही" या वाक्यामागे लपता येत नाही. सॅम्पल लहान असलं तर खरा फरकही सापडत नाही, हे आपण सगळे पहिल्या सेमिस्टरमध्ये शिकतो आणि शेवटच्या सेमिस्टरमध्ये विसरतो.

याच प्रकरणात आणखी तीन छोट्या चुका आहेत, पटकन सांगते.

एक, मी डोळे मोजले, माणसं नाही. ५० माणसांचे १०० डोळे म्हणजे १०० स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. एकाच माणसाचे दोन डोळे भावंडांसारखे असतात, एकाचं कळलं की दुसऱ्याचा अंदाज येतो. एकच डोळा घ्या, किंवा ही जोडी धरून चालणारं विश्लेषण करा.

दोन, क्रम. मी प्रत्येकाला आधी इंग्रजी, मग मराठी दाखवला. एव्हाना माणूस सरावतो किंवा दमतो. त्यात एक काका आले, डोळा झाकायच्या आधीच म्हणायला लागले, "ई, एफ पी, टी ओ झेड..." आयुष्यभर तोच तक्ता बघून पाठ झालेला. काकांची नजर मोजली की स्मरणशक्ती?

तीन, अंतर. ६ मीटरचा हॉल मिळत नाही म्हणून ३ मीटरचा तक्ता वापरला. सकाळी टेपने मोजून खुर्ची ठेवली आणि नंतर तिच्याकडे पाहिलं नाही. माणूस वाचायला ३० सेंटिमीटर पुढे झुकला तर ६ मीटरवर साधारण एका अक्षराचा फायदा होतो, ३ मीटरवर दोनाहून जास्त अक्षरांचा. आणि अवघड ओळीला झुकत नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मग गाइड काय करत होते?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असणार. सोपं उत्तर असं की गाइडनी लक्ष दिलं नाही. ते खोटं ठरेल. सर प्रत्येक शिबिराला आले, एकेका माणसाला नीट तपासायला शिकवलं, आजींसमोर ई चा तक्ता त्यांनीच आठवून दिला. पण प्रोजेक्टबद्दल आमचं बोलणं कशावर व्हायचं? किती फॉर्म झाले, अजून किती हवेत, प्रिंट कधी काढायची. मी भेटायला जायचे ती आकडा घेऊन. प्रश्न घेऊन एकदाही गेले नाही. वरची ओळ चुकून खालची बरोबर वाचणारी माणसं मला विचित्र वाटली होती. सरांना विचारायचं धाडस झालं नाही, वाटलं आपल्याच हातून तपासताना काहीतरी चुकलं असेल. त्या एका प्रश्नावर अख्खा तक्ता उलगडला असता.

दोष व्यवस्थेचाही आहे, तो सांगायला हवा. आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टचा वेळ ठरलेला असतो. एमबीबीएस-बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून चालू आहे, ती दोन महिन्यांची. बाकीच्या कोर्सेसमध्ये इंटर्नशिप सांभाळून जे महिने उरतील ते. इतक्या वेळात "पर्याय आहे की नाही" असला मोठा निकाल देता येत नाही. पण सिनॉप्सिसमध्ये मोठं वाक्य लिहिलं की प्रोजेक्ट पास होतं, छोटं लिहिलं तर "यात नवीन काय?" असं विचारतात. मग सगळे मोठं वाक्य लिहितात आणि छोट्या डेटावर ते पेलतात. सॅम्पल वाढवा, हाच आपल्याकडचा रामबाण उपाय. माझा अभ्यास दहापट माणसांवर केला असता तर काय झालं असतं? तीच चूक दहापट खात्रीने छापली असती.

उलट उदाहरण बघा. प्रोजेक्ट प्रकाश आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे : दिल्लीत पवन सिन्हा आणि सहकाऱ्यांनी जन्मापासून दृष्टी नसलेल्या मुलांवर उपचार आणि संशोधन एकत्र केलं. २०११ मध्ये नेचर न्यूरोसायन्समध्ये आलेल्या त्यांच्या पेपरात मुलं होती फक्त पाच. प्रश्न तीनशे वर्षांहून जुना, १६८८ मध्ये मॉलिनो यांनी जॉन लॉकना पत्रातून विचारलेला : हाताने ओळखलेली वस्तू, दृष्टी आल्याबरोबर नुसती बघून ओळखता येईल का? मुलांना ते जवळजवळ जमलं नाही, अंदाजाइतकंच. पण पेपरला वजन आलं ते बाजूच्या दोन चाचण्यांमुळे. हाताने ओळखलेलं पुन्हा हाताने ओळखणं जमत होतं. बघितलेलं पुन्हा बघून ओळखणंही जमत होतं. म्हणजे "नीट दिसतच नसेल" किंवा "चाचणी कळली नसेल" या दोन्ही पळवाटा बंद. "दिसत नाही" आणि "ओळखता येत नाही" हे त्यांनी वेगळं काढलं.

आजी मला तेच सांगत होत्या. दिसतंय, वाचता येत नाही. माझ्या फॉर्ममध्ये त्या वाक्याला रकानाच नव्हता.

त्या मुलीला काय सांगितलं

आठ दिवसांनी आम्ही भेटलो. मी तिला सरळ सांगितलं, "माझं डिझर्टेशन मोठं करू नकोस, छोटं कर." तिचा चेहरा पडला. एथिक्स कमिटीकडे कागद जायची तारीख जवळ आली होती, आणि सरांना आता काय सांगायचं ही धास्ती वेगळी.

आम्ही दोघींनी बसून जे ठरवलं ते असं. पूर्ण तक्ता बनवायचाच नाही. मराठीची दहा-बारा अक्षरं घ्यायची, एकच फॉन्ट, आणि प्रत्येक अक्षर सुटं दाखवून ते किती लहान होईपर्यंत ओळखता येतं हे मोजायचं. चांगली नजर असलेली थोडी माणसं, पण प्रत्येकाची भरपूर निरीक्षणं. कुठलं अक्षर कुठल्या अक्षरासारखं वाटलं याचा चौकोनी तक्ता भरायचा. ज्याच्यासमोर "भ" ठेवला तो "म" म्हणाला, लिहून घ्यायचं, चूकसुद्धा डेटाच आहे. हे कॉलेजच्या खोलीत होतं, शिबिर लागत नाही, आवाज नाही, अंतर हलत नाही. याने मराठी तक्ता तयार होणार नाही. पण पुढे जो कुणी करेल त्याला "ध, भ, ब" एका ओळीत टाकायचे की नाहीत हे कळेल.

सरांशी बोलायचं कसं, हा तिचा खरा प्रश्न होता. मी म्हटलं, "तुमचा विषय चुकीचा आहे, असं म्हणू नकोस, कारण तो चुकीचा नाहीच. एक कागद घेऊन जा. वर लिही, शेवटी मला कोणतं एक वाक्य म्हणता यायला हवं. खाली लिही, ते वाक्य खोटं असेल तर माझ्या डेटात काय दिसेल. मग विचार, सर, हे दिसायची सोय आपल्या फॉर्ममध्ये आहे का?" बहुतेक गाइड अशा प्रश्नाने चिडत नाहीत. उलट मीटिंग पाच मिनिटांत संपायची ती अर्धा तास चालते. तिची चालली. सरांनी एक अट घातली : शिबिरं सोडायची नाहीत, तिथेही थोडं काम करायचं. मला ती अट आवडली. खोलीत बसून केलेल्या अभ्यासाला आजी कधीच भेटल्या नसत्या.

म्हणून शिबिरासाठी तिने माझाच जुना फॉर्म घेतला आणि त्यात एकच बदल केला. "एन. सी." खोडून दोन रकाने केले : "दिसत नाही" आणि "दिसतं, वाचता येत नाही". दुसऱ्या रकान्यात खूण झाली की फिरता ई दाखवायचा आणि तो आकडा तिथेच लिहायचा.

गेल्या रविवारी तिचं पहिलं शिबिर झालं. संध्याकाळी फोटो आला, फॉर्मच्या गठ्ठ्याचा. खाली लिहिलं होतं, "ताई, दुसरा रकाना अर्ध्या पानाला पुरत नाहीये."

माझी पीडीएफ मी मागे घेऊ शकत नाही, ती लायब्ररीत बांधून ठेवली आहे. पण ती ज्या सिनियरकडून फिरते आहे त्याला हा लेख पाठवला आहे. यापुढे पीडीएफ द्यायची तर सोबत हेही द्यायचं असं सांगून.

जाता जाता तुमच्यासाठी एक. बोरिवली स्टेशनवर इंडिकेटरवर गाडीचं नाव आळीपाळीने येतं, कधी "बो", कधी इंग्रजीतलं बीओ. प्लॅटफॉर्मच्या टोकापासून इंडिकेटरकडे चालत या आणि कोणतं आधी वाचता येतं ते बघा. मग स्वतःला विचारा : तुम्ही नजर मोजली, लिपी मोजली, दिव्यांचे ठिपके मोजले, की उत्तर आधीच माहीत असणं मोजलं? चारही वेगळं काढायचं असेल तर काय करावं लागेल? एका पानात लिहा आणि पाठवा. पुढच्या लेखात आपण त्यातल्या दोन-तीन उत्तरांचं असंच परीक्षण करू, माझ्याइतकंच कडक.